एडिनबरा ते आयला: व्हिस्कीच्या मुलखात सात दिवस

पहिला दिवस : एडिनबरा

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. रॉयल माइलच्या दगडी चढावर पाऊस पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. स्कॉट लोकांकडे अशा हवेला 'ड्रीख' असा खास शब्द आहे. जुलैतलं महाबळेश्वर डोळ्यांसमोर आणा, फक्त इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री पहिल्याच वळणावर उलटते. टोपीचं जाकीट घ्या.

किल्ल्याच्या तोंडाशी 'स्कॉच व्हिस्की एक्स्पीरियन्स' नावाचं केंद्र आहे. ब्राझीलच्या क्लाइव्ह विडिझ यांनी जमवलेल्या तीन हजारांहून जास्त बाटल्या तिथे भिंतभर मांडल्या आहेत.  पुढच्या सहा दिवसांची बाराखडी इथे तासाभरात गिरवून होते, म्हणून सुरुवात इथून.

बाराखडी अशी. २००९ च्या कायद्याप्रमाणे स्कॉच पाच प्रकारचं. फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, गाळलेलं ते सिंगल माल्ट. एकाच डिस्टिलरीतलं, पण गहू-मका वगैरे धान्यंही वापरून केलेलं ते सिंगल ग्रेन. अनेक डिस्टिलऱ्यांची माल्ट एकत्र केली की ब्लेंडेड माल्ट, अनेक ग्रेन एकत्र केल्या की ब्लेंडेड ग्रेन, आणि माल्ट अधिक ग्रेन म्हणजे ब्लेंडेड स्कॉच. दुकानात सर्वात जास्त खपतं ते हे शेवटचं. 'सिंगल' म्हणजे एकाच पिंपातलं, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो चूक. सिंगल म्हणजे एक डिस्टिलरी. एका बाटलीत शंभर पिंपांचा माल असू शकतो. एकाच पिंपातला असेल तर लेबलवर 'सिंगल कास्क' असं वेगळं लिहितात.

प्रकार कुठलाही असो, माल स्कॉटलंडमध्ये, ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षं मुरलेला पाहिजे. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको. बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांहून कमी नको. पाणी आणि रंगापुरतं कॅरॅमल सोडून काहीही घालायचं नाही. लेबलवरचं '१२ वर्षं' हे आतल्या सर्वात कोवळ्या थेंबाचं वय.

हे ऐकताना आपल्याकडची 'व्हिस्की' आठवतेच. तिच्यातलं बरंचसं स्पिरिट साखर कारखान्याच्या मळीपासून बनतं, आणि म्हणूनच ती युरोपीय संघात व्हिस्की या नावाने विकता येत नाही. ती वाईट असते असं नाही. ती रमची चुलत बहीण आहे, एवढंच.

*गाडी घेणार असाल तर:* स्कॉटलंडमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षा कडक. बहुतेक डिस्टिलऱ्यांत 'ड्रायव्हर्स ड्रॅम' मागितलं की तुमचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात. न पिणारा एक जण गटात असेल तर त्याचा मान आधीपासून राखा.

दुसरा दिवस : डफटाउन

एडिनबराहून साडेतीन तासांत स्पेसाइड, स्पे नदीकाठचा भट्ट्यांचा मुलूख. डफटाउन चार रस्त्यांचं गाव. मधोमध घड्याळाचा मनोरा आणि हवेत शिजवलेल्या धान्याचा वास. 'रोम सात टेकड्यांवर, डफटाउन सात भट्ट्यांवर' ही इथली जुनी म्हण. इथल्या ग्लेनफिडिखमध्ये विल्यम ग्रँट आणि कुटुंबाने पहिला माल गाळला तो १८८७ च्या नाताळच्या दिवशी. डिस्टिलरी कशी चालते ते समजून घ्यायला मोठी, सरावलेली जागा बरी, म्हणून हीच निवडली.

मोड आणून वाळवलेली बार्ली बहुतेक डिस्टिलऱ्या बाहेरून आणतात. तिचा भरडा करून त्यावर तीनदा गरम पाणी सोडतात: पहिलं सुमारे ६४ अंशाचं, मग ७५ च्या आसपास, मग त्याहून गरम. पहिलं पाणी फार कढत झालं तर पिठाची साखर करणारी एन्झाइम मरतात आणि सगळा घाणाच वाया. म्हणून तिथला माणूस तापमानाच्या काट्यावरून नजर हलवत नाही. या खोलीतला वास कुणालाही ओळखीचा वाटेल: सातूचं पीठ गरम पाण्यात कालवल्यासारखा.

तो गोड रस डग्लस फरच्या लाकडी टाक्यांत यीस्टबरोबर आंबतो. आमच्या वाटाड्या बाईंनी एका टाकीचं झाकण उचललं आणि म्हणाल्या, "वास घ्या, पण डोकं आत घालू नका." तरी एकाने घातलंच. आतला कार्बन डायऑक्साइड नाकात सुईसारखा घुसतो, डोळ्यांतून पाणी येतं. आंबवायचा वेळ हा पहिला चवीचा निर्णय. दोन दिवसांच्या आत आटोपलं तर धान्याची, सुक्या मेव्याची चव राहते. त्याहून लांबवलं की जिवाणू कामाला लागतात आणि फळांचा वास वाढतो. बाहेर पडते ती साधारण ८ टक्क्यांची, आंबट, बिअरसारखी 'वॉश'.

मग भट्टी, दोनदा. पहिल्या भट्टीतून साधारण २२-२५ टक्क्यांचा माल निघतो, तो पुन्हा दुसरीत. गोव्यात काजूचा हुर्राक आणि फेणी यांचं नातं ज्याला माहीत आहे त्याला हे शिकवावं लागत नाही: पहिली धार हुर्राकाची, दुसरीची फेणी.

खरी कसोटी दुसऱ्या भट्टीत. पहिला भाग उग्र, सॉल्व्हंटसारखा, तो बाजूला. शेवटचा भाग जड, ओल्या चामड्यासारखा, तोही बाजूला. मधला 'हार्ट' तेवढा घ्यायचा. हे सगळं पितळी चौकटीच्या, काचेच्या, कुलूपबंद पेटीत चालतं. कुलूप आलं ते अबकारी कराच्या धाकाने. ऑपरेटर आतल्या मालाला हातही लावू शकत नाही. बाहेरची मूठ फिरवून धार या भांड्यातून त्या भांड्यात वळवतो. सुरुवातीची धार शुद्ध झाली का हे बघायची जुनी रीत साधी आहे: तिच्यात पाणी घाला, ढगाळली तर अजून थांबा, नितळ राहिली तर मूठ वळवा. मूठ उशिरा सोडली तर माल जास्त मिळतो, पण जड आणि वासट. लवकर सोडली तर हलका आणि महाग. 

भट्टीची मान उंच असली की जड वाफ वाटेतच थिजून खाली परतते आणि माल हलका, फुलांसारखा येतो. बुटकी मान तेलकट माल देते. तांबं गंधकाचे वास खातं. म्हणून झिजलेले भाग बदलत राहावे लागतात. नवी भट्टी घडवताना जुनीचा आकार काटेकोर उतरवतात.

ताजा माल पाण्यासारखा पांढरा. पिंपात भरताना तो बहुधा ६३.५ टक्क्यांवर आणतात. तळहातावर दोन थेंब चोळून वास घ्यायला दिले: पेअर, ओलं पीठ, आणि शेवटी कोरड्या पेंढ्यासारखं काही. रंग शून्य. म्हणजे पेल्यात दिसतो तो सगळा रंग लाकडाचा किंवा कॅरॅमलचा. गडद म्हणजे जुनी, हे गणित इथेच सोडून द्यावं.

निघता निघता १५ वर्षांच्या व्हिस्कीची मोठी लाकडी टाकी दाखवली. तीन प्रकारच्या पिंपांतला माल तिच्यात एकत्र होतो आणि १९९८ पासून ती अर्ध्याहून जास्त कधी रिकामी केलेली नाही. थोडी जुनी ठेवायची, त्यावर नवी ओतायची. आपलं विरजणच ते.

रात्री 'कलन स्किंक': धुरी दिलेला हॅडॉक मासा, बटाटा, दूध. जवळच्या किनाऱ्यावरच्या कलन गावाचं हे सूप थंडीत हाडांपर्यंत पोचतं. मसाला शून्य, त्यामुळे पुढची व्हिस्की जिभेला नीट कळते.

तिसरा दिवस : क्रेगेलाकी, पिंपांचा कारखाना

सगळ्या प्रवासात एकच ठिकाण ठेवायचं म्हटलं तर हे ठेवा. डिस्टिलरी नाही, स्पेसाइड कूपरेज: १९४७ पासूनचा पिंपं दुरुस्त करायचा कारखाना. वरच्या सज्ज्यातून खाली काम दिसतं. आवाज लोहारआळीचा. अंगणात पिंपांचे डोंगर.

खिळा नाही, गोंद नाही. ओकच्या फळ्या फक्त लोखंडी कड्यांच्या दाबाने एकमेकींना धरून असतात. आमच्या समोरच्या कारागिराने कडी ठोकून ढिली केली, गळकी फळी काढली, जुन्या फळ्यांच्या ढिगातून त्याच रुंदीची दुसरी नजरेनेच उचलली, कड रंध्यावर दोनदा ओढली आणि बसवली. तोंडाशी, झाकणाच्या खाचेत त्याने वाळलेल्या लव्हाळ्याचं पातं भरलं. ते ओलं झालं की फुगतं आणि फट बुजवतं. मग आत दाबाने हवा सोडून, पाणी फिरवून बघितलं. एका सांध्यावर बुडबुडा दिसला, तिथे पुन्हा हातोडा. सगळं मिळून वीसेक मिनिटं. इथे नगावर मजुरी असते, म्हणून कुणी वर बघत नाही. शिकाऊ उमेदवारी चार वर्षांची.

पिंपाचं आकारमान माहीत असलं की लेबल अर्धं वाचता येतं. अमेरिकन बॅरल सुमारे २०० लिटर, हॉग्सहेड २५०, शेरी या स्पॅनिश वाइनचं बट ५००. लहान पिंपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त, मुरणं जलद, मोठ्यात सावकाश. 'क्वार्टर कास्क' साधारण १२५ लिटरचं, म्हणून कोवळ्या मालालाही लाकडाची चव पटकन देतं. कधी कधी जरा जास्तच देतं, नवी सुतारकी चाखल्यासारखी.

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला कायद्यानेच दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेलं तिथे पुन्हा चालत नाही, म्हणून ते स्वस्तात इकडे येतं. यातून व्हॅनिला, मध, खोबऱ्याच्या वडीचा वास येतो. शेरीच्या पिंपातून मनुका, खजूर, संत्र्याची साल, आक्रोड. पूर्वी स्पेनहून ब्रिटनला शेरी पिंपांतूनच यायची आणि रिकामी पिंपं इथेच राहायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायची असं ठरलं आणि तो ओघ आटला. आता 'शेरी कास्क' म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कीसाठीच बनवून, शेरी भरून वर्ष-दोन वर्षं मुरवलेलं पिंप. त्यामुळे ते महाग, आणि बाटलीही महाग.

पण सर्वात महत्त्वाचा प्रश्न लेबलवर क्वचितच लिहिलेला असतो: हे पिंप कितव्यांदा भरलंय? पहिल्या भरणाला चव भरभरून, दुसऱ्याला निम्मी, तिसऱ्या-चौथ्याला लाकूड थकलेलं. चहाची तीच पूड पुन्हा पुन्हा उकळण्यासारखं. थकलेलं पिंप आतून खरवडून पुन्हा जाळतात, म्हणजे नवा थर उघडा पडतो. ते बघायला सज्ज्यावर गर्दी होते: पिंपाच्या तोंडातून दोन हात उंच जाळ, आणि सगळीकडे करपलेल्या साखरेचा वास. थकल्या पिंपातली १८ वर्षांची व्हिस्की चांगल्या पिंपातल्या १० वर्षांच्या समोर फिकी पडते. दर मात्र वयाचा लावलेला असतो.

दुपारी पबमध्ये अबर्लावर डिस्टिलरीची 'अबूना' मागवली. शेरीच्या पिंपातली, पाणी न घालता भरलेली, खेपेप्रमाणे ६० टक्क्यांच्या आसपास. अशी व्हिस्की तशीच ओठाला लावली तर जीभ बधिर होते आणि 'कडक आहे' एवढंच कळतं. हिशोब करून पाणी घाला. २५ मिली, ६० टक्के; ४६ वर आणायची तर २५ ला ६० ने गुणा, ४६ ने भागा. उत्तर ३२.६. म्हणजे साडेसात मिली पाणी, चहाचे दीड चमचे. अर्धा चमचा घाला, हुंगा, पुन्हा अर्धा. मनुका आधी येतात, मग दालचिनी. जास्त झालं तर मागे फिरता येत नाही, म्हणून घाई नको.

हुंगताना पेला नाकाखाली नेऊन तोंड किंचित उघडं ठेवा; अल्कोहोलचा ठसका निम्मा होतो. वाइनसारखं गरागरा फिरवू नका, त्याने अल्कोहोलच आधी वर येतं. इथले 'ग्लेनकेर्न' पेले खाली फुगीर, वर निमुळते असतात. घरी नसतील तर कटिंग चहाचा लहान ग्लास आपल्या व्हिस्कीच्या रुंद ग्लासापेक्षा बरा.

*कधी जावं:* मेमध्ये स्पेसाइडचा आणि मेअखेरीस आयलाचा महोत्सव असतो. तेव्हा राहायला जागा मिळणं कठीण. जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याच भट्ट्या दुरुस्तीसाठी बंद असतात; फेरी मिळते, पण थंड तांबंच बघावं लागतं. सप्टेंबर बरा.

चौथा दिवस : दिवसभर रस्ता

इन्व्हरनेस, लॉख नेसचा काठ, फोर्ट विल्यम, मग पश्चिम किनारा धरून केनाक्रेगचा धक्का, जिथून आयला बेटाची बोट सुटते. सहा तास धरून चाला. वाऱ्यामुळे आमची बोट पोर्ट एलनऐवजी पोर्ट आस्केगला जाणार, असा निरोप वाटेत आला. म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. हे इथे नेहमीचं आहे. मुक्काम ठरवताना घरमालकाला आधी सांगून ठेवा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका. गाडी नसेल तर ग्लासगोहून कॅम्पबेलटाउनकडे जाणारी ९२६ नंबरची बस धक्क्याशी थांबते.

बेटाचं नाव 'इस्ले' असं वाचायचं नाही. उच्चार 'आयला'. धुरकट व्हिस्कीचा पहिला घोट घेतल्यावर मराठी माणसाच्या तोंडून हे नाव आपोआप, अगदी बरोबर उच्चारात निघतं.

पाचवा दिवस : पोर्ट एलन ते आर्डबेग, पायी

पोर्ट एलनहून समुद्राकाठी पायवाट आहे. सुमारे पाच किलोमीटरांत तीन डिस्टिलऱ्या: लफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग. गाडी ठेवून द्या. सकाळी ऊन, दहा वाजता गारा, साडेदहाला पुन्हा ऊन. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून बोटं उचलून सलाम करतो; हा बेटाचा रिवाज आहे, आपणही हात करायचा.

ओढ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. कारण पीट: हजारो वर्षं दलदलीत अर्धवट कुजून दाबलेलं शेवाळ आणि झुडपं. विटांसारखं कापून वाळवलं की जळतं. झाडं नसलेल्या बेटावर हेच सरपण होतं. मोड आलेली बार्ली वाळवताना खाली पीट जाळलं की धुरातले फिनॉल दाण्याच्या सालीला चिकटतात. धूर पाण्यातून येतो हा समज. तो येतो बार्ली वाळवतानाच्या या धुरीतून.

लफ्रॉइगमध्ये थोडी बार्ली अजून जमिनीवर पसरून मोडवतात. दोन-तीन दिवस भिजवून निथळवलेले दाणे, त्यावर लाकडी फावडं. मटकीला मोड आणणाऱ्या कुणालाही यातली मेख कळेल: ढीग हलवला नाही तर आतून तापतो आणि मुळं एकमेकांत गुंततात, मोड फार लांबला तर दाण्यातली साखर रोपच खाऊन टाकतं. कोंब दाण्याच्या लांबीजवळ आला की थांबवायचं. धूरही दाणे ओलसर असतानाच लागतो, कोरड्या दाण्याला चिकटत नाही. धुरीच्या खोलीच्या जाळीवर उभं राहता येतं. कपड्यांचा वास मुंबईपर्यंत गेला नाही.

धूर मोजायचं माप पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग. लागाव्हुलिनची बार्ली ३५ च्या आसपास, लफ्रॉइगची ४० च्या पुढे, आर्डबेगची ५५ च्या जवळ. आता मेख: हा आकडा बार्लीतला आहे, बाटलीतला नाही. भट्टीत आणि पिंपात त्याचा मोठा भाग गळतो. बेटावरच्या कल ईलाला आणि लागाव्हुलिनला जवळजवळ सारख्याच धुराची बार्ली जाते. तरी कल ईला लिंबासारखी स्वच्छ, लागाव्हुलिन जड, जुन्या लाकडी कपाटासारखी. फरक भट्टीचा: लागाव्हुलिनची भट्टी जवळजवळ काठोकाठ भरून सावकाश चालवतात, वाफेला तांब्याचा सहवास कमी. शिवाय फिनॉल धारेच्या शेवटाकडे येतात, त्यामुळे मूठ जितकी उशिरा वळवाल तितका धूर जास्त.

धुराच्याही जाती आहेत. लफ्रॉइग १० म्हणजे टिंक्चर आयोडीन, बँडेज, जुना दवाखाना आणि मागून गोडवा. अमेरिकेत दारूबंदी असताना ती औषध म्हणून खपायची, यात नवल नाही. आर्डबेग १० म्हणजे चूल, डांबर, लिंबू. लागाव्हुलिन १६ म्हणजे विझत आलेली शेकोटी आणि काळा चहा. तिन्ही धुरकटच, पण एक आवडली म्हणून दुसरी आवडेल याची खात्री नाही. तिन्हींचे छोटे घोट एकापाठोपाठ घ्यायचे तर कमी धुराकडून जास्तीकडे जा. उलट गेलात तर दुसरीची चवच लागत नाही.

आर्डबेगच्या जुन्या धुरीच्या खोलीत उपाहारगृह आहे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बेटावरचेच; त्यांनी कालवं मागवली, रिकाम्या शिंपल्यात चमचाभर व्हिस्की ओतली आणि खाऱ्या पाण्यासकट प्यायले. आम्हालाही शिंपला पुढे केला. खारं, गोड, धूर, या क्रमाने. कोकणातल्या माणसाला सुकटीचा बाजार आठवेल. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील या व्हिस्कीबरोबर जसा जाईल तसं इथलं काहीच जात नाही, हे माझं ठाम मत.

सहावा दिवस : बेटाचं दुसरं अंग

आयला म्हणजे धूर, हे समीकरण आज मोडलं. ब्रूक्लॅडीची 'क्लासिक लॅडी' बिनधुराची, ५० टक्क्यांची, बार्लीची चव पुढे असलेली. तीच डिस्टिलरी 'पोर्ट शार्लट' ४० पीपीएमने करते आणि 'ऑक्टोमोर' त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि वर. एक छप्पर, तीन टोकं. बुनाहाव्हनची १२ वर्षांची बाटलीही बिनधुराची: शेरी, मीठ, सुका मेवा, ४६.३ टक्के. 'आयला' शब्द बघून धुरासाठी घेतली तर पैसे गेले म्हणायचे. प्रदेशाचं नाव हा अंदाज आहे, हमी नव्हे; स्पेसाइडमध्येही धुरकट माल निघतो.

४६ हा आकडा वारंवार का दिसतो, हे बुनाहाव्हनच्या दुकानातल्या मुलीने पेल्यात बर्फाचा खडा टाकून दाखवलं. त्याहून कमी टक्क्यांची, न गाळलेली व्हिस्की थंड झाली की तेलकट रेणू थिजतात आणि ती ढगाळते. गिऱ्हाईक तक्रार करतं. म्हणून बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळतात, त्याला चिल फिल्टरेशन म्हणतात. त्यात जिभेवरचा तेलकट पोतही थोडा जातो. ४६ च्या वर ढगाळण्याची भीती नसते, म्हणून तिथे गाळत नाहीत. लेबलवर 'नॉन चिल फिल्टर्ड' आणि 'नॅचरल कलर' हे दोन शब्द एकत्र दिसले तर बनवणाऱ्याला लपवायचं काही नाही, एवढं तरी समजा.

संध्याकाळी बोमोर. १७६७ चं गोल चर्च आहे. सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून गोल, असं गावकरी सांगतात. खाली समुद्राला टेकून १७७९ ची डिस्टिलरी आणि तिचं जमिनीत दबलेलं कोठार: मातीची जमीन, गार ओल, भिंतीपलीकडे लाट. इथे वर्षाला सुमारे २ टक्के माल पिंपातून उडून जातो, त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. २०० लिटरचे १२ वर्षांनी साधारण १५७ उरतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन मुरते तिथे देवदूत जास्त तहानलेले: वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास. सहाच वर्षांत २०० चे १२१. आपल्या हवेत १८ वर्षं थांबलं तर पिंपात लाकडाचा काढा उरेल. म्हणून भारतीय सिंगल माल्टवर वय बहुधा नसतं आणि म्हणून त्यात कमीपणाही नाही.

सातवा दिवस : ग्लासगो, खरेदी

सकाळची बोट वेळेवर. ग्लासगो ब्लेंडचं शहर. इथे मोठ्या खांबांसारख्या कॉलम स्टिलमध्ये ग्रेन व्हिस्की अखंड निघते, ९४ टक्क्यांपर्यंत, हलकी आणि स्वस्त. ब्लेंडमध्ये ती अंग देते, माल्ट चव देतं. सोडा-बर्फ घालून चौघांत गप्पा मारत प्यायची असेल तर चांगलं ब्लेंडच घ्या. महागडं माल्ट सोड्यात घालणं म्हणजे हापूसचा मिल्कशेक. २००४ साली बेंगळुरूच्या अमृतने आपलं सिंगल माल्ट जगासमोर आणलं ते याच शहरात. 

दुकानात इतर देशांचीही रांग असते. बर्बन: किमान ५१ टक्के मका, नवं पिंप, म्हणून गोड आणि व्हॅनिलाची. राय: ५१ टक्के राय हे धान्य, मिरीसारखी तिखट. आयरिश: पुष्कळदा तीनदा गाळलेली, मऊ, 'सिंगल पॉट स्टिल' असेल तर मोडवलेली आणि न मोडवलेली बार्ली मिसळलेली, थोडी मसालेदार. स्पेलिंगमधल्या 'ई'वरून (whiskey की whisky) आयरिश-स्कॉट भांडतात. देवनागरीत तो वादच उरत नाही.

निवडताना वयाआधी तीन गोष्टी विचारा. धूर हवा का, किती? पिंप बर्बनचं की शेरीचं? टक्के किती, ४० की ४६ च्या वर? या तीन उत्तरांवर दुकानदार दोन-तीन बाटल्या पुढे ठेवतो. मग पूर्ण बाटलीऐवजी आधी ५० मिलीची छोटी घ्या. पहिल्यांदाच घेणाऱ्याने बर्बन पिंपातली १०-१२ वर्षांची स्पेसाइड, मग शेरीची, मग कल ईलासारखी, आणि शेवटी लफ्रॉइग. भेट द्यायची असेल आणि घेणाऱ्याची आवड माहीत नसेल तर धूर टाळा. बेटावरची बाटली आवडणारे ती शोधून घेतात. न आवडणाऱ्यांच्या कपाटात ती दहा वर्षं राहते.

घरी आल्यावर बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर बूच कुजतं. उन्हापासून दूर. अर्ध्याच्या खाली गेली की सहा-आठ महिन्यांत संपवा, आतल्या हवेने चव उतरते. आणि आपल्या मे महिन्यात खोलीच ३२ अंशांवर असते, तिथे 'बर्फ नको' हा स्कॉटिश नियम पाळू नका. रिकामा पेला दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पाणी गार घाला. फरसाण दूर ठेवा, नुसते भाजलेले काजू किंवा फुटाणे.

स्कॉटलंडमधल्या दुकानात सकाळी १० च्या आधी आणि रात्री १० नंतर बाटली मिळत नाही. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशीच उरका. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ लागतं आणि परवानाही, हे लक्षात असू द्या. सामानात ७० टक्क्यांपेक्षा कडक माल चालत नाही. भारतात माणशी २ लिटर करमुक्त. इथली बाटली आपल्यासारखी ७५० ची नाही, ७०० मिलीची. 'तीन बसतील' म्हणून तीन उचलल्या की २१०० मिली होतात आणि कस्टम्सच्या काउंटरवर शंभर मिलीवरून बोलणी सुरू होतात. दोन मोठ्या आणि तीन २०० मिलीच्या घ्या, बरोबर २००० भरतात. बाटल्या मोज्यांत घालून बॅगेच्या मध्यभागी, बुचावर चिकटपट्टीचे दोन वेढे.